आईशी बोलणारा माणूस

आमच्या घरात चार मोठी माणसं आणि एक लहान मूल आहे. आई, दादा, वहिनी, मी आणि दादाची मुलगी. यांपैकी आईशी तिच्या भाषेत बोलणारा मी एकटा. हे आज मी एका ओळीत लिहून टाकलं, पण कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ते आलं स्पॅनिश भाषेमुळे. हे सांगताना मला अजून अवघडल्यासारखं होतं, कारण मध्य प्रदेशातल्या बालाघाटात राइस मिलच्या मागच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाने स्पेनचं नाव काढलं की लोक आधी हसून घेतात आणि मग विचारतात, नोकरी कशात लागते?

आमचं मूळ गाव खैरलांजीकडे, नदीच्या काठाला. पाण्याच्या पलीकडे महाराष्ट्र लागतो. गावात एक रीत होती, कोणी ठरवून घातलेली नव्हती, पण सगळे पाळत. सून पलीकडून आणायची. माझी पणजी पलीकडची, आजी पलीकडची, आई तुमसरकडची. मुलगे शाळेत हिंदी शिकत, बाजारात आणि तहसीलीत हिंदी बोलत, घरी येईपर्यंत अर्धे हिंदी झालेले असत. मग लग्न व्हायचं, घरात नवी बाई यायची, आणि तिची पोरं पुन्हा तिच्या बोलीत रडायला, मागायला, भांडायला शिकायची. आमच्या गावची मराठी गावाने सांभाळली असं म्हणता येत नाही. ती दर पिढीला नदी ओलांडून नव्याने येत राहिली.

बाबा मिलमध्ये हमालीला लागले आणि आम्ही शहरात आलो. दादा शाळा सोडून त्यांच्या मागोमाग मिलमध्ये गेला. तिथे ड्रायव्हर कुठले कुठले, हमाल कुठले कुठले, सगळ्यांची मिळून हिंदी. दादा तीच घेऊन घरी यायचा. आई मराठीत विचारायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा, आणि यात काही वेगळं आहे असं दोघांनाही वाटत नव्हतं. त्याचं लग्नही मिलच्याच एका ओळखीतून जमलं. वहिनी मंडल्याकडची. नदीपलीकडून न आलेली आमच्या घरातली पहिली सून.

वहिनी चांगली आहे. हे मी सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे वाचून कोणाला उलटं वाटू नये. सासू-सुनेचं स्वयंपाकघरात छान चालतं.

"भाजीत मीठ टाकलं का वं?"

"डाल दिया मम्मीजी।"

"मंग झाकून ठेव, माश्या येऊन राह्यल्या."

"ढक दिया।"

मीठ, माश्या, गॅस, दूध एवढ्यापुरती दोन भाषांची गाडी बरोबर चालते. त्यापलीकडे थांबते. आईला माहेरची एखादी गोष्ट आठवली, कोणाचा राग आला, एखादं स्वप्न पडलं, तर ती मी येईपर्यंत थांबायची. बाबा होते तोवर हे त्यांच्याशी व्हायचं. ते माझ्या बारावीच्या वर्षी गेले. त्यानंतर मी कॉलेजातून आलो की सायकल लावायच्या आधीच आईचं सुरू व्हायचं, दिवसभराचं साचलेलं सगळं.

बाहेर तर ती बोलायचीच नाही. हिंदी तिला पूर्ण समजते, पण तोंड उघडत नाही. दवाखाना असो, बँक असो, रेशनचं दुकान असो, मी सोबत पाहिजे. डॉक्टर तिला विचारत, ती मला सांगे, मी डॉक्टरांना सांगे. एकदा एक नवे डॉक्टर वैतागून मला म्हणाले, "माताजी गूँगी हैं क्या?"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याले म्हण, तू बहिरा हायेस का? मी केव्हाची बोलून राह्यली."

मी डॉक्टरांना म्हणालो, "घुटने में दर्द है सर, चढ़ने-उतरने में ज़्यादा।"

असं माझं काम होतं. तिचं ऐकायचं, धार काढून टाकायची, आणि पुढे द्यायचं. या कामाची वेळ कोणी ठरवलेली नव्हती आणि सुट्टीही नव्हती. मित्र वैनगंगेच्या घाटावर जायचे तेव्हा मी गुडघ्याच्या रांगेत असायचो. मला चीड यायची. मग चीड आली म्हणून वाईट वाटायचं. दोन्ही घेऊन मी पुढच्या रांगेत उभा राहायचो.

कॉलेजात आम्हाला इतिहास शिकवायला एक अतिथी विद्वान होते. वर्षावर्षाच्या बोलीवर नेमलेले, कधी बदलून जातील याचा नेम नसलेले असे शिक्षक आमच्याकडे बरेच असतात. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायचा होता. मुलांनी गोंड राजे घेतले, मॅंगनीजच्या खाणी घेतल्या. माझ्यापर्यंत येईपर्यंत जवळचे विषय संपले होते. सर म्हणाले, "रोमचं साम्राज्य पडलं, हे तुला परीक्षेपुरतं येतं. त्यांची भाषा कुठे गेली ते शोधून आण." ते हिंदीत म्हणाले, मी इथे मराठीत लिहितो आहे. माझं बरंचसं आयुष्य असंच आहे.

शोधायला माझ्याकडे फोन होता आणि रांगा होत्या. बँकेच्या बाकावर आईशेजारी बसून मी लॅटिन वाचलं. म्हणजे लॅटिनविषयी, इंग्रजीतून, शब्द अडला की थांबत.

मला वाटलं होतं लॅटिन मेली आणि मग स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज, रोमानियन या पाच जन्मल्या. तसं नव्हतं. रोमचे शिपाई, व्यापारी, चाकरी संपून जमीन मिळालेले म्हातारे सैनिक स्पेनमध्ये उतरले, ते सभेत भाषणं करणाऱ्यांची लॅटिन घेऊन गेले नव्हते. त्यांची लॅटिन छावणीतली होती, आमच्या मिलच्या हिंदीसारखी. शिकलेल्या लॅटिनमध्ये घोड्याला एक शब्द होता, आणि ओझं वाहणाऱ्या टट्टूला दुसरा. शिकलेला शब्द रोजच्या बोलण्यातून गेला. आज स्पेनमध्ये आणि फ्रान्समध्ये राजाच्या घोड्यालाही त्या टट्टूच्याच नावाने ओळखतात. शब्दांची शेपटं झडली. स्पॅनिशमध्ये कितीतरी शब्दांच्या सुरुवातीचा फ आधी ह झाला आणि मग तोही ऐकू येईनासा झाला. लिहिताना मात्र तो ह अजून लिहितात. हे वाचलं तेव्हा मला आमचं रेशनकार्ड आठवलं. बाबा जाऊन किती दिवस झाले होते, तरी त्यांचं नाव त्यावर तसंच होतं.

आणि हे सगळं होत असताना कोणाला कळलं नाही. आई लॅटिन बोलते आहे आणि मुलगी स्पॅनिश, असा एकही दिवस कधी उगवला नाही. प्रत्येक आईला आपली मुलगी कळत होती. फार तर वाटत असेल, पोरगी जरा वाईट बोलते. मग केव्हातरी धर्मगुरू देवळात लॅटिनमध्ये बोलायला उभे राहिले आणि लोक नुसते बघत राहिले. तेव्हा कुठे त्यांना सांगावं लागलं की बाबांनो, लोकांच्या बोलीत बोला.

मी हे आईला सांगायचो. दुसरं कोण ऐकणार होतं? ती तांदूळ निवडत ऐकायची.

"तांदुळाले काय म्हंतेत तिकडे?"

"अर्रोस."

"आपला कोन्ता म्हंतेत, उसना का साधा?"

"उकडून काढलेला का साधा, तेवढं माहीत नाही. हा शब्द त्यांचा नाही, अरबांचा आहे. अरबांचं तिथे खूप वर्षं राज्य होतं. साखरेलाही अरबांचाच शब्द आहे, आसुकार. तो तर फिरत फिरत आपल्याकडूनच गेला म्हणतात."

"हौ? मंग परत कायले नाही आला?"

इटलीत डोक्याला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ मडकं होता, हे सांगितलं तर ती इतकी हसली की सुपातले तांदूळ सांडले. "तुह्या बाबाले मी मडकंच म्हणत होती," ती म्हणाली. "मले काय मालूम, मी इटलीची भाषा बोलून राह्यली." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "म्हंजे एका मायच्या पाच पोरी. अन् माय?"

"माय पुस्तकात राहिली. देवळात राहिली."

"मंग मेलीच म्हण नं."

एवढं बोलून ती उठली. शेजारच्या खोलीत पुतणी टीव्हीवरचं कार्टून बघत होती. आईने तिला विचारलं, "भूक लागली का गं माय?" पुतणी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "नहीं दादी।" मी रोज ऐकत असलेलं हे बोलणं त्या दिवशी मला वेगळं ऐकू आलं. आमच्या घरात तर सगळं उलटं चाललं होतं. तिकडे हळूहळू, कोणाला न कळता झालं. आमच्याकडे एकाच ओसरीवर, एकाच पिढीत. तिकडे मुलीची भाषा आईच्या भाषेतून आली होती. आमच्याकडे ती बाजूने आली होती आणि आईची तिथेच थांबणार होती.

मग मी वेगळं शोधायला लागलो. रोमचे लोक यायच्या आधी स्पेनमध्ये माणसं मुकी नव्हती. त्यांच्या कितीतरी बोली होत्या. त्यांतली उत्तरेच्या डोंगरातली एक टिकली. बाकीच्या गेल्या, दगडांवर काही ओळी, नद्यांची, गावांची काही नावं, एवढं उरलं. शिपायांनी तिथल्या बायकांशी लग्नं केली असतील. त्या बायका घरात कोणाशी बोलत असतील? लॅटिनच्या सहाव्या मुलीचीही गोष्ट सापडली. इटलीसमोरच्या समुद्राच्या दुसऱ्या काठावर, बेटांवर ती बोलली जायची. ती बोलू शकणारा शेवटी एकच म्हातारा उरला. एक अभ्यासक त्याच्याकडून लिहून घ्यायला गेला तेव्हा म्हाताऱ्याला ऐकायला कमी येत होतं, दात पडले होते, आणि ती भाषा तो कितीतरी वर्षांत कोणाशी बोललेला नव्हता. मी फोन बंद केला. आई शेजारीच होती. रांगेत आमचा नंबर आला होता आणि ती माझी बाही ओढत म्हणत होती, "बाबू, तू सांग त्याइले."

प्रोजेक्ट सरांना आवडला. त्यांनी मला दक्षिणेतल्या एका विद्यापीठाविषयी सांगितलं. तिथे भाषाविज्ञानात एम.ए. होतं आणि त्यासोबत स्पॅनिश शिकता येत होतं. लेखी परीक्षा मी गोंदियाला जाऊन देऊन आलो. नाव यादीत आलं. आता फोनवरून व्हिडिओ मुलाखत व्हायची होती. घरातलं कोणी माझ्याआधी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे मुलाखत कशी असते हे विचारायला माणूस नव्हता. दादाला एवढंच कळलं की मी दोन वर्षं जाणार.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने जेवताना विचारलं, "तू गया तो मम्मी से बात कौन करेगा? मुझसे तो बनती नहीं।"

आई जेवत होती. तिने मान वर केली नाही.

आठवडाभरात मामा आले. तिरोडीवरून गाडी बदलत, पिशवीत माहेरचे लाडू घेऊन. चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला. त्यांच्या गावातच एक मुलगी होती, बारावी झालेली, घरकामात हुशार.

"ताईले सोबत होईल," मामा म्हणाले.

मला आधी नीट कळलं नाही. "मामा, लग्न मी करायचं आणि सोबत आईला?"

"मंग काय झालं? तुही माय आलती तवा कोणाले सोबत झालती? तुहा बाप दिवसभर मिलात. तुह्या आजीलेच झालती. सून सासूसाठीच असते रे बाप्पा, नवरे तं कामावर जातेत."

दादाला ते एकदम पटलं. "पढ़ाई भी कर, शादी भी कर। तू उधर पढ़ ले, वो इधर मम्मी के पास रह लेगी। किसको तकलीफ़ है?"

आणि वहिनी पाण्याचे ग्लास उचलता उचलता हसून म्हणाली, "मुझे भी देवरानी मिल जाएगी। डाँट आधी-आधी बँट जाएगी।"

सगळे हसले. कोणी वाईट बोलत नव्हतं. सगळे माझं भलं करत होते, आणि माझ्या चारी बाजूंनी दार लावल्यासारखं होत होतं. मी राहिलो तर आयुष्यभर रांगेत. गेलो तर माझ्या जागेवर एक मुलगी, जिला मी पाहिलंही नव्हतं. तिला नदीपलीकडून आणून त्या बाकावर बसवायचं, फक्त तिला आईची बोली येते म्हणून. आमची रीतच ती होती. मी त्या रीतीविषयी केवढ्या कौतुकाने प्रोजेक्टमध्ये एक परिच्छेद लिहिला होता, की स्पेनमध्ये भाषा पुरुषांसोबत आली, आमच्याकडे बायकांसोबत येते. त्या बायकांना कोणी विचारत असेल का, हे तेव्हा मनात आलं नव्हतं.

मी आईकडे पाहिलं. ती "नको" म्हणेल असं मला वाटलं. पण लाडवाचा डबा उघडून तिने एक लाडू फोडला, वास घेतला, आणि मामांना मामींबद्दल विचारलं, "वहिनीनं केले का?" मामा म्हणाले, "हौ." मग ते दोघं बराच वेळ बोलत बसले, माहेरच्या एकेका माणसाविषयी, भरभर, एकमेकांचं वाक्य तोडत, आणि मी पाहिलं की आईचा चेहराच बदलला आहे. तिला ती मुलगी हवी होती. बोलायला कोणीतरी मिळणार होतं. हे बघितल्यावर मला तिच्यावर रागावताही येईना.

मुलाखतीच्या दिवशी दादा मिलमध्ये होता. दुपारची वेळ होती. फोन गव्हाच्या डब्याला टेकवून मी भिंतीसमोर बसलो. मिलचा भोंगा वाजू नये एवढीच प्रार्थना करत होतो. आई दारामागे खाटेवर होती. पडद्यावर तीन माणसं दिसत होती, दोन सर आणि एक मॅडम. आधी इंग्रजीत चाललं. मी अडखळत होतो. वाक्य मनात जुळवेपर्यंत त्यांचा पुढचा प्रश्न यायचा. मॅडमना दया आली असावी. त्या हिंदीत म्हणाल्या, "आराम से। घर में कौन-सी भाषा बोलते हैं आप लोग?"

"हिंदी, मैम।"

मी खोटं बोलायचं ठरवून बोललो नव्हतो. आमच्याकडचा कोणीही हेच सांगतो. शाळेत पहिल्या दिवशी गुरुजी विचारतात, बाप म्हणतो हिंदी, आणि ते पुढे सगळीकडे तसंच चालतं. मराठी ही घरात असते, सांगायची नसते.

दारामागून आवाज आला, "काहून रे? अन् मी काय मेली?"

माझे कान तापले. मॅडम पुढे झुकल्या. "ये कौन बोलीं?"

"मेरी माँ हैं।"

"क्या कहा उन्होंने?"

दवाखान्यात मी धार काढून सांगत आलो होतो. तेव्हा काय झालं माहीत नाही, घाबरल्यामुळे असेल, मी जसंच्या तसं सांगून टाकलं. "पूछ रही हैं कि क्या वो मर गई हैं।"

एक सर हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तुम्हाला स्पॅनिशच्या इतिहासात नेमकं काय शिकायचं आहे? मी पाठ केलेलं उत्तर होतं, साम्राज्य, व्यापार, ध्वनी कसे बदलले. ते आलंच नाही. मी हिंदीतच म्हणालो, स्पॅनिश कशी आली हे पुष्कळांनी लिहून ठेवलंय. ती यायच्या आधी त्या घरांमधून जी बोली होती, ती शेवटी कोण कोणाशी बोललं, मला ते जाणून घ्यायचं आहे. घरात सगळे नवी भाषा बोलायला लागल्यावर जी एक बाई उरली असेल, ती काय करत असेल.

"त्याची नोंद कुठे सापडणार नाही," एक सर म्हणाले.

"हो सर. मला माहीत आहे."

"मग कसं शोधणार?"

मी म्हणालो, "सर, आमच्या घरात ते चालू आहे. पण घरात राहून ते बघता येत नाही. घरात राहिलं की फक्त रांगेत उभं राहता येतं." हे त्यांना काय कळलं असेल देव जाणे. बँकेची रांग, दवाखान्याची रांग, हे समजावून सांगायला वेळच नव्हता. त्यांनी धन्यवाद म्हटलं आणि पडदा काळा झाला.

मी बाहेर आलो तर आई म्हणाली, "माह्या बोलण्यानं बिघडलं का?"

"नाही."

"तू हिंदी म्हटलं नं. म्हणून तोंडातून निंघून गेलं."

निवड झाल्याचा मेल आला तेव्हा मी दुकानातून शेंगदाणे आणत होतो. रस्त्यातच वाचला. आनंद झाला तो फार तर दुकानापासून वळणापर्यंत टिकला. वळणावरून आमचं घर दिसतं. दारात आई बसलेली दिसली, फोन कानाला लावून, आणि तिच्या मोठ्या आवाजावरूनच कळलं की मामांचा फोन आहे.

"नाही रे भाऊ," ती म्हणत होती. "नको आणू. … नाही, पोरगी चांगलीच असंल, मी कुठं नाही म्हटलं. … अरे, दुसऱ्याच्या लेकीले माह्या बोलण्यापायी कायले कोंडू? मी आलती तवा मले कोणी पुसलं होतं का?"

मी शेंगदाण्याची पिशवी घेऊन तिथेच उभा राहिलो. तिने मला पाहिलं, फोन ठेवला, आणि काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, "आलं का तुह्या कॉलेजचं?"

"आलं."

"घेतलं त्याइनं?"

"हो."

तिने मान हलवली. पिशवी घेतली, आत टाकली, परत आली. मला वाटलं ती रडेल, किंवा मी रडेन. तसं काही झालं नाही. ती म्हणाली, "कवा जाणार?"

"पुढच्या महिन्यात."

"मंग महिनाभर हाये." ती खाटेवर नीट मांडी घालून बसली. "मले हिंदी शिकव."

मी म्हणालो, "तुला सगळी समजते की."

"समजते. तोंडात येत नाही. तू म्हण, मी म्हणतो तुह्या मागं."

एवढे महिने मी शोधत होतो की ती शेवटची बाई काय करत असेल. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली होती, आणि तिने मास्तर म्हणून मला धरलं होतं. मी जाऊ शकावं म्हणून. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. हो म्हणायलाही नव्हतं.

"कशापासून सुरू करू?" मी विचारलं. मला वाटलं, ती दवाखान्याचं विचारेल, किंवा बँकेचं.

तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे वहिनी पोळ्या लाटत होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिले सांगाचं हाये, का मी रागावली नाही. माहा आवाजच असा हाये. ते कसं म्हणू?"

मी वाक्य सांगितलं. तिने ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं, पुन्हा म्हणून पाहिलं. मग उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. मला पाठमोरी दिसत होती. एका हाताने तिने चौकट धरली होती.

"बहू," ती म्हणाली, "मैं गुस्सा नहीं हूँ। मेरी आवाज ही ऐसी है।"

लाटण्याचा आवाज थांबला. वहिनी म्हणाली, "मुझे लगता था आप मुझसे नाराज़ रहती हैं मम्मीजी। शादी के बाद से।"

"नहीं," आई म्हणाली. पुढचं तिला आलं नाही. तिने माझ्याकडे वळून पाहिलं, पण मी सांगायच्या आधीच वहिनीने पाट पुढे सरकवला होता आणि आई त्यावर बसली होती. मग आत काहीतरी बोलणं सुरू झालं, अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं, मध्ये मध्ये थांबत. पुतणी टीव्ही सोडून आत धावली आणि ओरडली, "दादी हिंदी बोल रही है!"

दादा मिलवरून आला, त्याने ते ऐकलं, कपड्यांवरचा भुसा झटकला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बस। अब तू छूट गया।"

मी हसलो. आतून आईने मला हाक मारली नाही. मी खाटेवर तसाच बसून राहिलो, ती कधी हाक मारेल याची वाट बघत.